खलनायिकेचा सातबारा

अमेरिकन कॉमिकमधल्या वंडर वुमनचे वैरी नव्यानं लिहायला घेताना त्यांचे पोशाख, त्यांच्या शक्ती आणि ते गडगडाटी हसणं आधी बाजूला ठेवा. कोरा कागद घ्या आणि एकेकाचा सातबारा मांडा. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे उतारे काढून देते, रात्री भाच्यासोबत कॉमिक रचते. तो नववीत आहे. चित्रं त्याची, मजकूर माझा. तेव्हा माझी रीत ही अशी महसुली आहे, चालवून घ्या.

कागदावर पहिला प्रश्न लिहा: हिचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, नायिकेला कुठे लागतो? आमच्याकडे कुऱ्हाड निघते ती शेजारच्या वावरावरून, दहा कोसांवरच्या माणसावरून नाही. विताभर धुरा कोणी कोरला, धुऱ्यावरची बाभूळ कोणाची, पांदण कोणी नांगरून टाकली, यावरून दोन-दोन पिढ्या बोलणं बंद असतं. ‘मला जग जिंकायचंय’ म्हणणाऱ्या खलनायकाचा धुरा कुणालाच लागत नाही, म्हणून तो दुसऱ्या पानावर कंटाळा आणतो. नायिकेकडे आहे ते खरं आपलं होतं, निदान आपल्यालाही मिळायला हवं होतं, असं जिला मनापासून वाटतं तिच्यापासून सुरुवात करा.

चित्ता नावाची खलनायिका घ्या. (चित्र काढणाऱ्यांसाठी: चित्त्याचे ठिपके भरीव असतात, बिबट्याचे पोकळ, फुलासारखे, आणि चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. इथल्या पोरांच्या नजरेत बिबट बसलेला असल्यामुळे हे सांगावं लागतं.) या चित्त्याच्या उताऱ्यावर बरेच फेरफार झालेत. १९४३ मध्ये ती प्रिसिला रिच होती, श्रीमंत घरची आणि डायनाच्या, म्हणजे वंडर वुमनच्या, कौतुकानं जळणारी. आरशात तिला आपलंच दुसरं रूप दिसतं आणि त्याच्या सांगण्यावरून ती चित्त्याच्या कातड्याच्या गालिच्याचा पोशाख शिवते. १९८० मध्ये तिची भाची डेबोरा डोमेन त्या जागी आली. १९८७ मध्ये बार्बरा अ‍ॅन मिनर्व्हा आली, पुरातत्त्वाची अभ्यासक. तिचा डोळा डायनाच्या खरं बोलायला लावणाऱ्या दोरावर होता आणि तिला उर्झकार्टागा नावाच्या देवाची शक्ती मिळाली ती शापासकट. २०१६ च्या मांडणीत तर हीच बार्बरा डायनाची पहिली मैत्रीण ठरते. डायना माणसांच्या जगात येते तेव्हा तिची भाषा कुणाला कळत नाही, ती हिला कळते.

सातबाऱ्यावर जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि खाली नवं लिहितात. तुम्हीही तेच करा. जुनी जन्मकथा फाडून फेकली की वाचकाला वाटतं, ही कुणी दुसरीच बाई आहे. कंसातली सगळी नावं एकाखाली एक वाचा आणि प्रत्येक फेरफारात टिकून राहिलेली एक ओळ शोधा. चित्त्याच्या बाबतीत मला ती अशी सापडली: डायनाजवळ उभं राहिलं की या बाईला स्वतःचं आयुष्य उणं वाटतं. श्रीमंती, विद्या, मैत्री, काहीही दिलं तरी ते उणेपण जात नाही. एवढी ओळ सांभाळलीत तर बाकी सगळं बदलायची तुम्हाला मोकळीक आहे.

मग ‘इतर हक्क’चा रकाना भरा. बँकेचा बोजा चढतो तो हाच रकाना. शक्ती कोणाकडून आली आणि ती कशात फेडायची, ते इथं लिहा. फुकट मिळालेली शक्ती लिहायला सोपी पडते, पण तिच्यातून पुढचं काही निघत नाही.

एक फेरफार झाला की लागून असलेल्या दुसऱ्या उताऱ्यांवरही नजर टाकावी लागते. सुरुवातीच्या कथांत डायना मातीच्या बाळातून जिवंत झालेली, तिला बापच नाही. २०११ मध्ये नोंद बदलली आणि ती झ्यूसची मुलगी झाली. आता युद्धदेव एरिस हाही झ्यूसचाच मुलगा. म्हणजे काल जो नुसता शत्रू होता तो एका ओळीनं सावत्र भाऊ झाला, आणि लढाईची भाऊबंदकी झाली. वारस नोंदीसाठी माझ्या दुकानात एकाच बाकावर पाठ फिरवून बसणारे बहीण-भाऊ मी रोज बघते, म्हणून हा बदल मला फार आवडतो. एरिसला सैन्य देऊ नका. बापानं आपल्याला काय दिलं आणि हिला काय दिलं, याचा हिशेब त्याच्या तोंडी द्या.

वैऱ्यांचं आपसातलं वैर बहुतेक लिहिणारे विसरतात. १९४८ मध्ये शनी ग्रहावरच्या इव्हिलेसनं डायनाविरुद्ध आठ जणींची टोळी बांधली, चित्ता आणि जायगँटा दोघी तिच्यात होत्या. डायना नको, एवढ्या एका गोष्टीवर आठ बायका एकत्र राहतील? आमच्या बचत गटात बारा जणी आहेत, त्यांचं हजेरीच्या वहीवरूनही पटत नाही. आता या दोघींचेच उतारे शेजारी ठेवून बघा. प्रिसिला ही बाई, तिनं जनावराचं कातडं हौसेनं अंगावर घेतलं. जायगँटा १९४४ मध्ये आली ती मुळात गोरिला मादी, प्रोफेसर झूलच्या यंत्रानं तिची बाई केली. एकीला जे व्हायचं आहे तेच दुसरीकडून हिसकावून घेतलंय. आमच्या कॉमिकमध्ये जायगँटा तिला म्हणते, “तुले हौस होती म्हणून तू कातडं पांघरलं. माह्या अंगावरचं तं कोणी न इचारता काढून नेलं.” या भांडणात डायना कुठेच नाही, आणि असंच पाहिजे. नायिका गावात पाय ठेवण्याआधीपासून जे वैर चालू आहे, त्यात तिला आणून सोडा. जुन्या नोंदींतही याचा दाखला आहे: २०१६ नंतरच्या कथेत बार्बरा मदतीला हाक मारते आणि डायना पोचत नाही, कारण ती हाक पोचू नये अशी सोय व्हेरॉनिका केल या दुसऱ्या खलनायिकेनं करून ठेवलेली असते. चित्त्याचा राग डायनावर निघतो, पण खरी देणेकरी केल आहे.

डॉक्टर सायकोबद्दल थोडं सावध. १९४३ च्या कथेत तो बुटका, चेष्टा झालेला, होणाऱ्या बायकोनं झिडकारलेला, आणि म्हणून साऱ्या बायकांचा वैरी. बुटकेपणाला कंस करून टाका, उंचीनं कुणी दुष्ट होत नाही. झिडकारलं जाण्याचं काय करायचं? इथून जवळच हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं गेलं. त्यानंतर कॉलेजला जाणाऱ्या पोरींच्या आया बस येईपर्यंत फाट्यावर उभ्या राहायच्या. तेव्हा ‘बिचाऱ्याला नकार मिळाला’ या ओळीवर मी एकही चौकट खर्च करत नाही. सायकोची जन्मकथा त्याच्या तोंडून लिहूच नका, मार्व्हाच्या तोंडून लिहा. ती त्याची होणारी बायको, जिला तो संमोहनानं ताब्यात ठेवतो. तिला पहिल्यांदा भीती केव्हा वाटली, तिनं कुणाला सांगितलं, ऐकणाऱ्यानं काय उत्तर दिलं, एवढ्यात त्याचा पूर्ण उतारा निघतो.

आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला डॉक्टर पॉयझनवर. १९४२ ची मूळ डॉक्टर पॉयझन म्हणजे राजकन्या मारू, पुरुषाच्या वेषातली शत्रुपक्षाची हस्तक. युद्धाचे दिवस होते, शत्रूच्या देशाची असणं एवढंच दुष्टपणाला पुरत होतं. या नोंदीला कंस करून ती आम्ही यवतमाळ जिल्ह्यात आणली. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी उंच वाढलेली, पंप पाठीवर, औषधाचा फवारा तोंडावर. आमची खलनायिका अशाच एका मजुराची बायको आहे. नमुना सातवर तिचं नाव नाही, कारण जमीनच नाही, फवारणी दुसऱ्याच्या वावरात रोजीनं होती. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसून ती डब्यांवरचे त्रिकोण वाचायला शिकते: लाल अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. गावातले लोक तिला डॉक्टरीण म्हणायला लागतात, आधी चेष्टेनं, नंतर घाबरून.

तिचा धुरा डायनाला नीट लागतो. दोघींनाही ते औषध गावातून जायला हवंय. डायना निवेदन देते, चौकशी मागते. डॉक्टरीण कृषी केंद्रवाल्याच्या घरच्या लग्नात पाण्याच्या टाकीपाशी सापडते. इथं दोर वापरा, पण कबुलीजबाबासाठी नको. खरं बोलायला लावणारा दोर खलनायिकेच्या अंगाभोवती पडतो आणि ती अगोदर जे ओरडून सांगत होती तेच शांतपणे पुन्हा सांगते. दोराचं एक टोक डायनाच्याच हातात आहे, म्हणून पुढच्या चौकटीत तिलाही खरं बोलावं लागतं: निवेदनाचं काय झालं, ते. जुन्या कथांत दोर असा उलटा चालत असो वा नसो, तुमच्या गोष्टीत तो चालवा.

शेवटी हरकतीची मुदत. फेरफाराला पंधरा दिवस देतात, तेवढे गोष्टीलाही द्या, आणि खलनायिकेची बाजू घेईल अशाच माणसाला ती वाचून दाखवा. मी दुकानात नंबर लावून बसलेल्या बायांना वाचून दाखवते. त्या जायगँटाच्या बाजूनं होत्या, डॉक्टरिणीला शिक्षा व्हावी की नाही यावर मात्र दोन तट पडले. लेखी हरकत एकच आली, चित्रकाराची, वहीच्या मागच्या पानावर: “मावशी, डॉक्टरिणीले जेलात टाकलं तं तिची पोरगी कोनापाशी राहीन?” हरकत मंजूर केली. पुढच्या अंकात पोरगी डायनाकडे राहायला येते. सात वर्षांची आहे, त्रिकोणांचे रंग तिला पाठ आहेत, आणि आईला कोणी धरून दिलं हेही तिला माहीत आहे. तिचा उतारा आम्ही आत्ताच उघडून ठेवलाय.