निवृत्त ज्येष्ठांचा मदतगट गावात कसा चालवावा

मराठवाड्यातील बहुतेक मोठ्या गावांत निवृत्त शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका आणि अंगणवाडी सेविका असतात. अर्ज कोणत्या टेबलावर अडतो हे त्यांना ठाऊक असते आणि एका कामासाठी तालुक्याला दोनदा जाण्याइतका वेळही त्यांच्याकडे असतो. त्याच गावात एखादी निराधार वृद्धा केवळ एका दाखल्याअभावी अनुदानापासून वंचित राहते. अशा माणसांची आणि निवृत्त जाणकारांची ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी गाठ पडावी, एवढ्यासाठी हा गट असतो.

सुरुवात पाच-सहा जणांनी करावी. त्यांत किमान दोन स्त्रिया असाव्यात, कारण विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया घरची परिस्थिती पुरुषांपुढे मोकळेपणाने सांगत नाहीत. पहिली बैठक अध्यक्ष-उपाध्यक्ष ठरवण्यात घालवू नये. पदांवरून रुसवेफुगवे झाले की काम सुरू होण्याआधीच माणसे गळतात.

त्यानंतर जोडीजोडीने प्रत्येक गल्लीत, वस्तीवर आणि तांड्यावर जाऊन लोकांचे कोणते काम अडले आहे ते विचारावे आणि वहीत लिहावे. आपल्याला काय करायला आवडेल याचा विचार या फेरीत बाजूला ठेवावा. स्वच्छतेची भाषणे देण्याची हौस अनेकांना असते, पण वहीत बहुधा निवृत्तिवेतन, रेशनकार्ड आणि बँक खाते यांचीच गाऱ्हाणी भरतात. म्हणून पहिले काम कागदपत्रांचेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी आठ ते दहा या वेळेत ग्रामपंचायतीत किंवा मंदिराच्या पारावर बसावे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. मदत करणारे आणि मदत मागणारे दोघेही वयस्क असल्याने ही वेळ ओलांडू नये. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरील गरजूंसाठीची श्रावणबाळ योजना या दोन्हींत उत्पन्नाचा, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा लागतो. खरी अडचण बहुधा त्याच्याही आधी असते. आधारवरील नाव आणि बँकेच्या पासबुकातील नाव जुळत नाही. जन्मनोंद नसलेल्यांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी ही जन्मतारीख पडलेली असते आणि वय प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईच्या बोटांचे ठसे इतके झिजलेले असतात की यंत्र ते ओळखतच नाही. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी सर्व कागद समोर मांडून नाव, जन्मतारीख आणि खाते क्रमांक एकेक करून ताडून पाहावेत. तफावत आढळल्यास आधी दुरुस्ती करून घ्यावी आणि ठसा उमटत नसल्यास डोळ्यांच्या पडताळणीची सोय असलेल्या केंद्रात त्या व्यक्तीला घेऊन जावे.

तहसील कार्यालयात शक्यतो सोबत जावे. एस.टी.त ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे आणि ७५ वर्षांपुढील प्रवाशांना मोफत प्रवास असल्याने हा खर्च फारसा जड जात नाही. अर्ज दिल्यावर पोच घ्यावीच. तिची तारीख आणि पुढील फेरीचा दिवस वहीत नोंदवावा.

काही नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळावेत. मूळ कागद स्वतःजवळ ठेवू नयेत, कुणाचा पिन किंवा ओटीपी विचारू नये, चहापुरतेही पैसे घेऊ नयेत आणि मंजुरीची हमी कधीही देऊ नये. वहीतील मजकूर चावडीवर चर्चेला येता कामा नये.

हे काम अंगवळणी पडल्यावर दुसरे घ्यावे. बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या तालुक्यांत ते ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेचे असते आणि दसऱ्याआधी ठरवावे लागते. दसऱ्यानंतर ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात व गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. मुले बरोबर गेली की शाळा सुटते आणि मागे राहिली की भार आजी-आजोबांवर पडतो. कोणते कुटुंब जाणार आहे याची यादी मुख्याध्यापकांसोबत आधीच करावी, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत करावी आणि बरोबर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळवून द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश घेणे सोपे जाते. गावात राहिलेल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास निवृत्त शिक्षकांनी घ्यावा. एकाच्या वाट्याला पाच-सहा मुलांहून अधिक येऊ देऊ नयेत.

दर तीन महिन्यांनी वही उघडून एकच अडचण किती जणांना आली ते मोजावे. ती वारंवार दिसत असल्यास प्रत्येकासाठी स्वतंत्र धावपळ न करता नावे-तारखांसह लेखी निवेदन ग्रामसभेत मांडून ठराव घ्यावा. अधिसूचित, म्हणजे शासनाने मुदत ठरवून जाहीर केलेला दाखला त्या मुदतीत मिळाला नाही, तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करता येते. त्यासाठी जपून ठेवलेली पोच सोबत जोडावी.