चालून जाळलेल्या कॅलरी तेलातून परत येऊ नयेत म्हणून

रोज चालायला जाऊनही वजन हलत नाही, अशी तक्रार असेल तर आधी कढईत बघा. अर्धा तास भरभर चाललं की साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, म्हणजे फोडणीला हात जरा सैल पडला की सगळं चालणं तिथेच फिटलं. डब्यातून पळीने थेट तेल ओतलं की किती गेलं ते कळतच नाही.

यावर सोपा उपाय:

१. अर्ध्या लिटरची बाटली घ्या. चार माणसांच्या घरात आठवड्याला एवढंच तेल.

२. सोमवारी भरायची. भाजी, पोळ्या, पोहे, तळण सगळं यातूनच, भजी करायची असतील तर तेवढ्यापुरतं बाकीचे दिवस हात आखडता.

३. फोडणीला पळी नको, चहाचा चमचा वापरा, आणि कांदा चिकटायला लागला की पाण्याचा हबका मारायचा, वर झाकण ठेवायचं, चवीत फार फरक पडत नाही खरंच.

आणि घड्याळात '३०० कॅलरी बर्न' दिसलं म्हणून येताना वडापाव नको, तो आकडा अंदाजे असतो, बरेचदा जास्तच दाखवतो.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवण कमी करण्याआधी किंवा उपाशीपोटी चालायला जाण्याआधी डॉक्टरांना विचाराच, शुगर एकदम खाली येऊ शकते.