व्हीएम डोमेनला जोडताना या चुका टाळा

व्हीएम (संगणकात चालणारा आभासी संगणक) डोमेनला, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या विंडोज मशीनच्या गटाला जोडताना ‘डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही’ (कंट्रोलर म्हणजे तो गट सांभाळणारा सर्व्हर) असं दिसलं की नवशिक्याचा हात आधी फायरवॉलकडे जातो. तो बंद करून पुन्हा प्रयत्न, तरी जमलं नाही की व्हीएम उडवून नवी. या सगळ्यात डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) कुणी उघडून बघत नाही, आणि माझ्यासमोर आलेल्या बहुतेक भानगडींचं मूळ तिथेच होतं.

डोमेनचं नाव टाकलं की विंडोज आधी डीएनएसला विचारतं, कंट्रोलर कुठे आहे? उत्तर एसआरव्ही नोंदींत (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या) असतं आणि त्या आतल्या, म्हणजे डोमेनच्या स्वतःच्या डीएनएसकडेच असतात. गूगलच्या सार्वजनिक डीएनएसला, ८.८.८.८ ला, त्यांची गंधवार्ता नसते. तरी ‘इंटरनेट चालू राहावं’ म्हणून डीएनएसच्या दुसऱ्या रकान्यात तोच पत्ता हमखास टाकलेला दिसतो.

एका ठिकाणी अशाच सहा व्हीएम होत्या. जोडताना काही अडलं नाही. नंतर एकदा अपडेटसाठी कंट्रोलर रीस्टार्ट झाला आणि काही मशीनवर लॉगिन रेंगाळायला लागलं, ग्रुप पॉलिसी (कंट्रोलरकडून येणाऱ्या सेटिंग्ज) लागेना. आयपीवर (मशीनच्या अंकी पत्त्यावर) पिंग व्यवस्थित जात होता, म्हणून नेटवर्क ठीक आहे असं धरून मी दोन दिवस भलतंच तपासत बसलो. झालं एवढंच होतं की पहिला डीएनएस गप्प झाल्यावर विंडोज दुसऱ्याकडे गेलं. त्याने ‘असं नावच नाही’ म्हणून सांगितलं, आणि विंडोजच्या लेखी तेही पूर्ण उत्तरच. त्या प्रश्नासाठी पहिल्याकडे पुन्हा विचारणा होत नाही.

तेव्हापासून व्हीएमवर मी फक्त कंट्रोलरचे आयपी ठेवतो. बाहेरची नावं शोधणं कंट्रोलरवरच्या फॉरवर्डरचं (प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे पाठवणाऱ्या सेटिंगचं) काम. जोडण्याआधी एनएसलुकअप या डीएनएस तपासायच्या कमांडमध्ये प्रकार एसआरव्ही ठेवून ‘_एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस’ आणि पुढे टिंब देऊन डोमेनचं नाव विचारतो. (टाइप करताना सगळं रोमन लिपीत.) कंट्रोलरचं नाव आलं नाही तर जॉइनच्या खिडकीकडे मी वळतही नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) आयपी १०.०.२.१५ दिसला तर नेटवर्क कार्ड नॅटवर आहे. त्यात प्रत्येक व्हीएम आपापल्या राउटरमागे एकटी असते, शेजारच्या व्हीएममधला कंट्रोलर तिला दिसणारच नाही. ब्रिज्ड करा (म्हणजे व्हीएम थेट खऱ्या नेटवर्कवर येते) किंवा दोघींना एकाच इंटरनल नेटवर्कवर आणा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून काहीच आलेलं नाही.

घड्याळ बघा. सस्पेंडमधून उठलेली व्हीएम मागे राहते, आणि फरक ५ मिनिटांपेक्षा जास्त असेल तर कर्बरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवणारी पद्धत) सहसा नकार देतं.

स्नॅपशॉटवर (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) मात्र माझा राग आहे. डोमेनला जोडलेलं मशीन स्वतःचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलतं. जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात की पासवर्डही जुना, कंट्रोलरकडे मात्र नवा, आणि मग विश्वासाचं नातं तुटल्याची तक्रार येते. एका मिनिटात मागे जायची सवय इथे महागात पडते. क्लोन केलेल्या व्हीएमवर सिसप्रेप (मशीनची ओळख नव्याने करणारं विंडोजचं साधन) डोमेनला जोडण्याआधी चालवा, नंतर नाही.

विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही.

आणि काहीच उमगेना तर विंडोज फोल्डरातल्या डीबगमधली नेटसेटअप लॉग फाइल शेवटून वर वाचत जा. कुठल्या पायरीवर अडलं ते तिथे लिहिलेलं असतं.