गोदामातली ओझी तपासायला जाताना

हमाल काय आणि कसं उचलतात ते तपासायचं, तर पहिली तयारी वेळेची. झाडलोट झाल्यावर अकरा वाजता जाऊ नका, ट्रक लागतो तेव्हा जा. आमच्याकडे तो पहाटे लागतो, म्हणून मी आदल्या रात्रीच मुकादमाला फोन करून ठेवतो. पिशवीत मोजपट्टी, बॅटरी, वही आणि प्रवासी बॅगा तोलायचा टांगता काटा घ्या. हा काटा हातगाडीला अडकवून ओढला की ती हलवायला किती जोर लागतो ते कळतं.

गोणीवर छापलेल्या वजनावर विसंबू नका. पावसाळ्यात भिजलेलं पोतं जड भरतं. दोन-चार गोण्या गोदामाच्या काट्यावर घालून बघाच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोपर्यंत खाली आणायला सांगितलं होतं. सिमेंटची गोणी 50 किलोची, म्हणून बरेच जण तिथेच वही मिटतात. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या ओझं उचलायच्या सूत्रात मात्र सगळं अनुकूल असलं तरी 23 किलोच धरतात, आणि हात घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर पुढे गेले की तेही निम्मे होतात. मोजपट्टी त्यासाठीच. ट्रकचा मागचा फाळका जमिनीपासून किती उंच, गोणी किती वाकून ओढावी लागते, थप्पीचा वरचा थर खांद्याच्या वर जातो का, हे आकड्यांत लिहा. ‘जरा उंच’ हे माप नव्हे.

फळी हलते का, जमीन ओली आहे का, उजेड पुरतो का, हे चालता चालता बघून होतं.

हमालांच्या टोळीशी बोलायला मात्र वेळ राखून ठेवा, तोही चहाच्या वेळी. ‘कंबर दुखते का?’ असं विचारलं तर ‘नाही साहेब’ एवढंच ऐकू येईल. ‘कुठला माल आला की नकोसं होतं?’ असं विचारा. मला वाटलं होतं साखरेची पोती म्हणतील. निघाले फरशीचे खोके. पोत्याला धरायला कान असतात, खोक्याची कड बोटांत रुतते.

हमाली नगावर असेल तर तेही लिहा. हातगाडी आणायला जाण्यात खेप बुडते, म्हणून माणूस पाठीवरच घेतो. टोळी 1969 च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळात नोंदलेली असेल तर मजुरी मंडळामार्फत मिळते. कामाची पद्धत बदलायला सांगण्याआधी दराचं काय होणार ते मुकादमाशी बोलून घ्या.

आणि हो, एक कात्री घ्या. हातगाडीच्या चाकात सुतळी गुंडाळलेली असतेच. ती कापून पुन्हा टांगता काटा लावा आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा.