फ्रोझन एम्ब्रियो ट्रान्सफर: दिवस पाळीपासून नव्हे, प्रोजेस्टेरॉनच्या पहिल्या डोसपासून मोजा

"पाळीच्या अठराव्या दिवशी ट्रान्सफर असतं ना?" गोठवून ठेवलेलं भ्रूण गर्भाशयात सोडण्याबद्दलचा हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन मिळू लागल्यावर ठरावीक काळानेच गर्भाशयाचं अस्तर भ्रूण रुजवून घ्यायला तयार होतं आणि ही वेळ फार लांबत नाही. म्हणून पाच दिवसांच्या भ्रूणाला पाच दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेलं अस्तर लागतं, तीन दिवसांच्या भ्रूणाला तीन दिवस.

गोळ्यांच्या सायकलमध्ये पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून एस्ट्रॅडिऑल हे अस्तर वाढवणारं हॉर्मोन सुरू होतं, बहुधा २ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. दहा-बारा दिवसांनी अस्तर ७-८ मिलिमीटर झालं आणि सोनोग्राफीत त्याच्या तीन रेघा स्पष्ट दिसल्या की पुढचं पाऊल, म्हणजे प्रोजेस्टेरॉन. त्याआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासून घेतलेलं बरं. ते मिलिलिटरला १.५ नॅनोग्रॅमच्या वर आलं, तर गोळ्या चालू असूनही अंडं फुटलेलं असू शकतं. म्हणजे घड्याळ आपल्या आधीच सुरू झालं. अशी सायकल बहुतेक वेळा सोडून देतात.

नाशिकला ट्रान्सफर असलेल्या मालेगाव, सटाण्याकडच्यांनी मधली सोनोग्राफी गावाजवळ केली तरी चालते, फक्त रिपोर्टमध्ये अस्तराची जाडी, रेघा आणि फॉलिकलचं (अंडं वाढतं त्या पिशवीचं) माप लिहून घ्या. नुसतं "नॉर्मल" लिहिलेल्या रिपोर्टवरून तारीख ठरवता येत नाही.

आता मोजणी. सोमवारी सकाळी ८ वाजता प्रोजेस्टेरॉनची पहिली कॅप्सूल योनीत ठेवली, तर ब्लास्टोसिस्टचं, म्हणजे पाच दिवसांच्या भ्रूणाचं, ट्रान्सफर शनिवारी, साधारण १२० तासांनी. तीन दिवसांचं भ्रूण असेल तर गुरुवारी. घोळ होतो तो इथेच: सोमवार कुणी शून्य धरतं, कुणी एक. "पाचव्या दिवशी या" असं ऐकून पेशंट शुक्रवारी हजर होते. म्हणून क्लिनिककडून वार, तारीख आणि पहिल्या डोसची वेळ कागदावर मागा आणि मोबाइलला गजर लावा.

चतुर्थी टाळायची आहे, नवऱ्याला अंबडच्या कंपनीतून सुट्टी मिळत नाही, २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीला रस्ते बंद असतील: असं काही असेल तर ते पहिल्या डोसच्या आधी सांगा. एस्ट्रॅडिऑल दोन-चार दिवस लांबवता येतं. प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर पंचांग बघून उपयोग नाही.

पहिल्या दिवसाचे डोस राहून गेले तर लगेच फोन करा. लपवू नका, आणि दुप्पट घेऊन भरूनही काढू नका. गोठवलेलं भ्रूण बहुधा ट्रान्सफरच्या दिवशीच थॉ करतात, म्हणजे वितळवतात. तोवर तारीख पुढे नेता येते, नंतर नाही.

नैसर्गिक सायकलमध्ये हिशेब अंडं फुटण्यावरून होतो. अंडं फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन दिलं असेल तर ब्लास्टोसिस्ट त्यानंतर साधारण सातव्या दिवशी. रक्तात एलएच (अंडं फुटायच्या आधी वाढणारं हॉर्मोन) वाढलेलं सापडलं असेल तर सहाव्या.

ट्रान्सफरला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे पोटावरून सोनोग्राफीत भ्रूण सोडायची नळी नीट दिसते. पण पिंपळगावच्या टोलनाक्यावरच बाटली संपवलीत आणि द्वारका चौकात अडकलात, तर टेबलावर कळा सोसवणार नाहीत. क्लिनिकला पोहोचून तासभर आधी तीन-चार ग्लास पुरेत. नंतर आठवडाभर पडून राहण्याने फायदा होत नाही, सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्तचाचणी, ब्लास्टोसिस्टच्या ट्रान्सफरनंतर ९ ते ११ दिवसांनी करा. एचसीजीचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर लवकर केलेली चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ते औषध दहा-बारा दिवस रक्तात रेंगाळतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला किंवा थोडा डाग दिसला म्हणून औषधं मनाने बंद करू नका. गोळ्यांच्या सायकलमध्ये अंडं फुटलेलंच नसतं, त्यामुळे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन नसतं. वार (प्लासेंटा) ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे गरोदरपणाच्या साधारण १० ते १२ आठवड्यांपर्यंत, ते बाहेरूनच द्यावं लागतं.