गालिचा घेताना आधी धागा पाहा

दुकानदाराने गालिचा उलगडला की नजर आधी रंगावर जाते, मग किमतीवर. पण दोन-चार वर्षांनी तो कसा दिसेल, हे धाग्यावर ठरतं. धागा झिजेल का आणि दबल्यावर पुन्हा उभा राहील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बरेचदा एकाचं उत्तर चांगलं असतं आणि दुसऱ्याचं नाही.

१. जागा ठरवा. सोफ्यापुढे दिवसभर ये-जा असते, पलंगाशेजारी फारशी नाही. ओल कुठे लागते तेही बघा. ताग पाण्याने कमजोर होतो आणि तपकिरी डाग धरतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर त्याला बुरशी येतेच, तिथे तो नकोच.

२. अंगठ्याने लव, म्हणजे गालिच्यावरचे उभे धागे, दाबा आणि सोडा. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो, त्यामुळे तो स्प्रिंगसारखा परत वर येतो. नायलॉनही चिवट आणि दबून उठणारं. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याची गोष्ट वेगळी. ते स्वस्त, पाणी पीत नाही, डाग सहज निघतात आणि धागा तुटतही नाही. पण सोफ्याच्या पायाखाली एकदा बसलेली लव सहसा उठत नाही. वर्दळीच्या पट्ट्यात वाट पडल्यासारखी दिसते. पॉलिएस्टर नवं असताना मऊ आणि चमकदार, पण रोजच्या पायाखाली तेही चपटं होतं. सुती सतरंजीला लवच नसते, त्यामुळे चपटं व्हायचा प्रश्नच नाही. म्हणूनच ती आपल्याकडे इतकी टिकून आहे.

‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ म्हणून विकलं जातं ते बहुतेकदा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून केलेला धागा. दिसायला झकास, पण ओलं झालं की त्याची ताकद बरीच घटते. चहा सांडला, पुसला, की तेवढी जागा कडक आणि पिवळट. लहान मुलं असलेल्या घरात मी तरी ते घेणार नाही.

३. गालिचा उलटा करा. आकार टिकतो तो पाठीमुळे. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या किंवा काश्मीरच्या हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात पाठीवरही नक्षी दिसते आणि टोकाच्या दशा म्हणजे आतल्या उभ्या धाग्यांचीच टोकं असतात. हे उभे धागे बहुधा सुती असतात, कारण सूत लोकरीइतकं ताणत नाही आणि चौकोन चौकोनच राहतो. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो ‘टफ्टेड’, म्हणजे गाठी न मारता धागे नुसते खोचून चिकटवलेला. त्यातला लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकटद्रव्याचा थर कालांतराने कडक होऊन भुकटी होतो. वरची लोकर धडधाकट असूनही गालिचा मग फुगे धरतो. लोकरीचा आहे म्हणून जास्त किंमत सांगत असतील, तर आधी पाठ बघा.

४. धागा जाळून पाहा. कडेचा एक धागा मागून घ्या, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा. केस जळाल्यासारखा वास आणि बोटात चुरडणारी राख म्हणजे लोकर किंवा खरं रेशीम. कागद जळाल्याचा वास म्हणजे सूत, ताग किंवा व्हिस्कोस. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा. ती गोळी गरम असते, लगेच हात लावू नका.

५. घरी आणल्यावर. खाली न घसरणारी जाळीची चटई घाला. गुळगुळीत फरशीवर सरकून सरकूनच कडा वाकड्या होतात. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाका, म्हणजे एकाच बाजूवर पाय पडत नाहीत. लोकरीत खड्डा पडला असेल तर त्यावर वाफ द्या आणि बोटांनी लव उभी करा. लोकरीचा गालिचा मशीनमध्ये घालू नका, आटून नमदा होईल. गुंडाळून ठेवायचा असेल तर आधी झटकून उन्हात नीट वाळवा, डांबराच्या गोळ्या टाका आणि मधून मधून उघडून बघा. कसर लोकरीला लागते, पॉलिप्रॉपिलीनला नाही.