गावाला विमानतळ हवा का? वहीत असा हिशेब मांडा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत सांगलीचे दाजी फराळाला आले आणि त्यांच्याकडच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या विषयावर घसरले. "तुमच्या उजळाईवाडीला हाय, मग आमाला का नको?" उजळाईवाडी म्हणजे आमचा कोल्हापूरचा विमानतळ. चकल्या संपल्या, वाद संपेना. शेवटी मी वही काढली. तोच हिशेब इथे देते, गाव कुठलंही घाला.

उड्डाणाचा वेळ आधी खोडा. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंतचा लिहा. मुंबईचं विमान तासाभराचं. पण उजळाईवाडीला अर्धा तास, तासभर आधी हजेरी, तिकडे उतरून फोर्टपर्यंत दीड तास. झाले चार. महालक्ष्मी एक्सप्रेसला साडेदहा-अकरा तास लागतात खरे, पण ते झोपेत जातात आणि लॉजचं भाडं वाचतं. पुण्याला तर विमानाचं नावच काढू नका. बेंगळुरू, हैदराबाद लिहिलं की मात्र वही बोलायला लागते. रात्रभर बसमध्ये अंग आंबवायचं आणि सकाळी गिऱ्हाइकासमोर बसायचं, हे गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना विचारा.

आता खरी गोम. विमान किती वाजता सुटतं? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नसेल, तर धंदेवाला दोनदा जाईल, तिसऱ्यांदा नाही. हुपरीचे एक चांदीवाले माझे नेहमीचे. सकाळचं विमान दुपारवर गेलं आणि ते मुकाट्याने पुन्हा रात्रीच्या बसवर आले. भाडं परवडत होतं, दिवस परवडेना. म्हणून गावात "विमानतळ हवा का?" असं विचारू नका, त्याला कोण नको म्हणेल? कारखानदार, डॉक्टर, व्यापारी गाठा आणि विचारा : गेल्या महिन्यात कुठे गेलात, कशाने गेलात, मुक्काम किती पडला?

मग पैसा. उडान योजनेत ठरावीक जागा कमी भाड्यात देतात आणि कंपनीची तूट सरकार भरतं, पण साधारण तीन वर्षंच. चौथ्या वर्षाचं भाडं धरून बेरीज करा. इमारतीवर भुलू नका. आमचा विमानतळ १९३९चा, राजाराम महाराजांच्या काळातला. तरी २०११नंतर कित्येक वर्षं नियमित प्रवासी विमान नव्हतं. नवं टर्मिनल मार्च २०२४मध्ये आलं, देखणं आहे, पण विमान टर्मिनल बघून येत नाही.

धावपट्टीची लांबी विचारा. आमची १,३७० मीटर होती, ती वाढवून १,९३० केली. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला तेवढी पुरते, मोठ्या जेटला जास्त लागते, म्हणजे पुन्हा शेजारच्यांची जमीन. आसपासची उंच बांधकामंही बघा. सोलापुरात साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली, २०२३ साली. आणि मुंबईला उतरायला वेळ मिळतो का, तेही विचारा. तिथे जागा नसेल तर इथली धावपट्टी कितीही गुळगुळीत असो.

शेवटी शेजारी. सांगलीहून उजळाईवाडी पन्नास-साठ किलोमीटर. प्रवासी तेच, ते दोन ठिकाणी वाटले तर दोन्हीकडची विमानं अर्धी रिकामी. मी दाजींना म्हटलं, विमानाच्या वेळेला जोडलेली बस मागा, ती उद्या मिळेल.

एक रकाना मात्र तिकिटांत बसत नाही. २०१९च्या महापुरात आमच्या पंचगंगेमुळे शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गाड्या दिवसच्या दिवस अडकल्या. अशा वेळी गावाजवळ धावपट्टी असणं याची किंमत कशी लावायची? मी तो वेगळा लिहिला, कोल्हापूरच्या बाजूने.

दाजी चष्मा लावून वाचत होते. म्हणाले, "पूर काय फक्त पंचगंगेलाच आलता व्हय? आमची सांगलीची कृष्णा कुठं गेलती?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो मुद्दा वहीत त्यांच्या नावावर घातला आणि चहा टाकायला उठले.